शोक, स्मृती आणि कथन : दुःखोत्तर आठवणलेखनाविषयी काही विचार

१

तुलनात्मक साहित्याच्या वर्गात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे वाचन पूर्ण झाले, त्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे. विद्यार्थिनी मराठीभाषक नव्हती. ग्रंथ तिने अनुवादातून वाचला होता. तिचा प्रश्न असा : या बाईंचे दुःख आधी ओसरले आणि मग त्यांना असे हसतमुखाने लिहिता आले, की लिहिता लिहिता ते ओसरले?

प्रश्न वरवर साधा आहे. परंतु त्याचे उत्तर देऊ लागताच आत्मपर वाङ्मयाविषयीच्या आपल्या कित्येक समजुती तपासून पाहाव्या लागतात. प्रिय व्यक्तीचा मृत्यू, घराची वाताहत, सामूहिक हिंसाचार, जातीय अवहेलना अशा अनुभवांतून गेलेल्या माणसांनी आठवणी लिहिल्या आहेत, आणि त्या लेखनाने आपल्याला आधार दिला असे त्यांपैकी काहींनी नमूदही केले आहे. त्यावरून ‘लिहिल्याने मन मोकळे होते’ हे विधान आता सुभाषितासारखे वापरले जाते. आठवणलेखनात उपशमाची शक्ती असेल, तर ती लेखनाच्या कोणत्या अंगात आहे, हा विचार मात्र क्वचितच केला जातो. तो येथे करावयाचा आहे. त्यासाठी प्रामुख्याने तीन ग्रंथ घेतले आहेत : रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०), लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध) आणि अनीस किदवई यांचे उर्दूतील ‘आझादी की छाँव में’ (१९७४). तिन्ही लेखिकांना वैधव्य आले होते, तिघींनीही पतीच्या मृत्यूनंतर लिहिले. तथापि तिघींच्या लेखनाची घडण अगदी भिन्न आहे. ही भिन्नताच आपल्या प्रश्नावर प्रकाश टाकील असे वाटते.

२

प्रथम एका रूपकाचा निकाल लावणे अगत्याचे आहे. शोकातून झालेल्या लेखनाविषयी बोलताना आपण सहज ‘विरेचन’ हा शब्द वापरतो. अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या विवेचनात योजिलेल्या ‘कॅथार्सिस’ या संज्ञेचा तो पर्याय होय. मूळ ग्रीक संज्ञेला आणि मराठी पर्यायालाही वैद्यकाचा वास आहे : शरीरात साचलेले दूषित द्रव्य बाहेर पडले की प्रकृतीला आराम पडतो. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी हिस्टेरियावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दडपलेली भावना शब्दांवाटे बाहेर काढण्याच्या आपल्या पद्धतीला त्यांनी याच संज्ञेवरून नाव दिले. तेव्हापासून ‘आत साचलेले बाहेर काढणे’ हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे.

या चित्रात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलचे विधान शोकात्मिका पाहणाऱ्या प्रेक्षकाविषयी आहे, ती रचणाऱ्या कवीविषयी नाही. दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. दुःख हे द्रव्य असते, तर ते एकदा ओतून टाकल्यावर संपावयास हवे होते. प्रत्यक्षात शोकाकुल माणूस तीच हकीकत तशाच शब्दांत शंभरदा सांगतो आणि एकशेएकाव्या वेळीही त्याला तितकेच रडू येते. ओतण्याने ते पात्र रिकामे होत नाही.

आपल्याकडील काव्यविचारात या प्रश्नाची अधिक सूक्ष्म मांडणी सापडते. क्रौंचवधाच्या प्रसंगाने वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, ही रामायणातील कथा सर्वपरिचित आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त तिचा आधार घेतला. त्यावरील ‘लोचन’ टीकेत अभिनवगुप्ताने मात्र एक महत्त्वाचा खुलासा केला : हा शोक मुनीचा व्यक्तिगत शोक समजू नये. मुनी स्वतःच त्या दुःखाने दुःखी झाला असता, तर करुण हा रसच संभवला नसता. क्रौंचाचा शोक मुनीच्या चित्तात आस्वाद्य झाला, म्हणजे त्याला एक अंतर लाभले. त्या अंतरातून श्लोक जन्मला.

अभिनवगुप्तासमोर आठवणीवजा वाङ्मय नव्हते हे उघड आहे. तेथे क्रौंच निराळा आणि मुनी निराळा. आठवणी लिहिणाऱ्याच्या बाबतीत मात्र क्रौंच आणि मुनी एकच. ज्याला बाण लागला त्यालाच श्लोक रचावयाचा आहे. म्हणून आठवणी लिहिणाऱ्यापुढची पहिली अडचण अशी, की त्याला आपल्याच ठिकाणी दोन व्यक्ती निर्माण कराव्या लागतात : भोगणारा ‘मी’ आणि सांगणारा ‘मी’. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात मांडावयाचे तर असे, की आठवणलेखनाने जो काही उपशम मिळतो तो या दोन ‘मीं’मध्ये अंतर निर्माण होण्यातून मिळतो. हे अंतर कोणत्या साधनांनी निर्माण होते, ते आता पाहू.

३

रमाबाईंचा विवाह १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. त्यानंतर रमाबाई मुंबई सोडून पुण्यास राहावयास गेल्या. पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. आठवणींचे पुस्तक १९१० मध्ये, म्हणजे पतीच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, प्रसिद्ध झाले.

शीर्षकातील पहिल्या शब्दावरच थांबावयास हवे. ‘माझ्या’ नाही, ‘त्यांच्या’ नाही, ‘आमच्या’. हे शब्द लिहिले गेले तेव्हा त्या ‘आम्ही’पैकी एकच व्यक्ती हयात होती. आजच्या वाचकाला या पुस्तकात रमाबाईंचे स्वतःचे चरित्र अपुरे वाटते, आणि स्त्रीच्या आत्मचरित्राचा विचार करणाऱ्या अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. पतीचे नाव न घेण्याचा तत्कालीन संकेतही त्यांनी पाळला आहे. इंग्रजी अनुवादिकेने १९३८ साली आपल्या ग्रंथाला ‘हिमसेल्फ’ असे शीर्षक दिले ते बोलके आहे. तथापि शोकाच्या दृष्टीने पाहता या रचनेचे वेगळे मर्म जाणवते. रमाबाई ‘मला फार दुःख झाले’ असे सांगत बसत नाहीत. त्या घरातल्या हकीकती सांगतात : धुळाक्षरांपासून झालेले आपले शिक्षण, त्यापायी घरातल्या बायकांचा झालेला जाच, फिरतीवरचे मुक्काम, आणि अखेरीस पतीच्या शेवटच्या आजाराचा जवळजवळ तासातासाचा वृत्तान्त.

शोकग्रस्त मनाची एक खोड अशी, की ते एकाच क्षणाभोवती घुटमळते. मृत्यूचा क्षण मागच्या सगळ्या आयुष्यावर पसरतो आणि जिवंतपणीचा माणूस त्याखाली झाकला जातो. रमाबाईंच्या पुस्तकाने काय साधले असेल, तर मृत्यूला त्याच्या जागी, म्हणजे शेवटी, बसविले. अंतकाळाच्या त्या पानांपूर्वी अठ्ठावीस वर्षांचा संसार मांडून झालेला असतो. क्रम लावणे ही क्रिया येथे केवळ रचनेची सोय राहत नाही. ज्याला आपण कालानुक्रम म्हणतो तोच शोकाकुल मनाने गमावलेला असतो. लेखनाने तो परत मिळतो.

पुस्तकातील आणखी एक विशेष नोंदविला पाहिजे. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, हा त्यांच्या चरित्रातील अडचणीचा भाग. ती मुलगी म्हणजे स्वतः रमाबाई. ही हकीकत त्यांनी गाळलेली नाही. मृताचे केवळ गुणगान करणारा शोक मृताला मूर्ती बनवितो, आणि मूर्तीशी संवाद होत नाही. पतीविषयी अपार भक्ती असूनही रमाबाईंच्या पुस्तकातले रानडे एक माणूस म्हणून उभे राहतात, याला अशा अडचणीच्या हकीकतींचा हातभार मोठा आहे.

४

लक्ष्मीबाईंची गोष्ट निराळी. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळच्या सनातनी कुटुंबातील स्त्रीला हा पती जिवंत असताना आलेल्या वैधव्याचाच प्रकार होता. किंबहुना त्याहून बिकट, कारण अशा वियोगाला शास्त्राने काही विधी सांगितलेला नव्हता. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ च्या मे महिन्यात वारले. ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा त्या मृत्यूला पंधरा आणि धर्मांतराला जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती. लेखनाला निमित्त झाले ते मुलगा देवदत्त याचे : त्याला वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या.

या निमित्ताचे महत्त्व आपण सहसा ओळखत नाही. लक्ष्मीबाईंनी ‘मन मोकळे करावे’ म्हणून लेखणी उचलली नाही. कोणीतरी विचारले, आणि विचारणारा असा होता की ज्याला ती माहिती हवी होती. त्यांच्या शैलीत जी बोलकी लय आहे ती समोर श्रोता असल्याखेरीज उमटत नाही. शाळेचे शिक्षण नसलेल्या, जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या बाईने मराठी गद्याचा मानदंड ठरावा असा ग्रंथ लिहिला, याचे आपण आश्चर्य करतो. परंतु मुलाबाळांना, पाहुण्यारावळ्यांना गोष्टी सांगण्याची जी घरगुती परंपरा आहे तिच्यात त्या चांगल्या मुरलेल्या होत्या. सांगणाऱ्या ‘मी’ची घडण त्यांच्या ठिकाणी लेखनापूर्वीच झालेली होती.

दुसरे साधन विनोदाचे. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. १८५७ च्या धामधुमीत घराण्यातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली. त्या घटनेने वडिलांच्या मनावर जो आघात झाला त्यातून हे सोवळे उपजले, असे त्या सांगतात. पुढे ते बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्यापर्यंत गेले. आघाताचे परिणाम एका पिढीवरून दुसऱ्या पिढीवर कसे उतरतात, याविषयी मानसशास्त्रात अलीकडे पुष्कळ संशोधन झाले आहे. लक्ष्मीबाईंनी शंभर वर्षांपूर्वीचे एक कुटुंबच डोळ्यांसमोर उभे केले आहे. एका पुरुषाने पाहिलेली भीषण घटना विटाळाच्या धास्तीचे रूप घेते आणि सारे घर तिच्या धाकात वावरते. ज्या मुलीने हे सारे सोसले तीच म्हातारपणी ते सांगताना हसते. या हसण्यात वडिलांविषयी कडवटपणा नाही. ते असे का झाले हे तिला उमगले आहे, आणि कारण सांगून झाल्यामुळेच हसण्याची मोकळीक तिला मिळाली आहे.

धर्मांतराच्या प्रसंगाची पाने मात्र हसती नाहीत. तेथे लक्ष्मीबाई आपल्या वेडेपिशेपणाची हकीकत आडपडदा न ठेवता सांगतात. परंतु तेथेही सांगणारी लक्ष्मी भोगणाऱ्या लक्ष्मीकडे थोडे दूर उभी राहून पाहते. त्या तरुण बाईची तिला कीव येते, क्वचित तिचा रागही येतो; ती तिच्यात पुन्हा बुडून जात नाही.

५

अनीस किदवई यांच्या ग्रंथात हे अंतर निराळ्याच रीतीने साधले आहे. त्यांचे पती शफी अहमद किदवई हे मसुरीच्या नगरपालिकेचे प्रशासक होते. १९४७ च्या ऑक्टोबरात, फाळणीच्या दंगलींत, त्यांची तेथे हत्या झाली. अनीस दिल्लीस आल्या आणि महात्मा गांधींना भेटल्या. गांधीजींनी त्यांना निर्वासितांच्या कामास लावले. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथील छावण्यांत आणि पुढे अपहृत स्त्रियांच्या शोधकार्यात त्यांनी काम केले. या अनुभवांचे लेखन त्यांनी १९४९ च्या सुमारास केले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९७४ मध्ये.

म्हणजे येथे लेखन घटनेपासून दोनच वर्षांच्या अंतरावर आहे. पतीच्या हत्येचा वृत्तान्त आरंभीच्या पानांत येतो, आणि नंतर लेखिका त्या दुःखाकडे पाठ फिरविते असे वाटावे इतके ग्रंथाचे लक्ष इतरांकडे वळते : छावण्यांतील माणसे, हरवलेली मुले, परत आणलेल्या आणि परत येऊ न इच्छिणाऱ्या स्त्रिया, सरकारी कारभारातील गोंधळ. एखाद्या वाचकाला ही दुःखाची टाळाटाळ वाटेल. परंतु ग्रंथ पूर्ण वाचल्यावर ध्यानात येते, की इतरांच्या प्रत्येक हकीकतीमागे ते पहिले प्रकरण उभे आहे. ज्या समूहाच्या द्वेषाने आपले घर मोडले त्याच द्वेषाने सर्व बाजूंची घरे मोडलेली त्या पाहतात आणि तशी नोंद करतात. रमाबाईंना जे कालाच्या अंतराने आणि लक्ष्मीबाईंना जे विनोदाने साधले, ते अनीस किदवईंना आपले दुःख इतरांच्या दुःखांच्या पंक्तीस बसविण्याने साधले. अभिनवगुप्ताच्या परिभाषेतील साधारणीकरण ते हेच असे म्हणावयाचा मोह होतो. फरक एवढाच, की येथे ते काव्यव्यापाराने होण्यापूर्वी छावणीतल्या सेवेने झालेले होते.

या संदर्भात मराठीतील आणखी एका ग्रंथाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील निवेदनाची योजना अशी, की दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे : एक गावाने दिलेले, दुसरे शहरात मिळविलेले. भोगणारा आणि सांगणारा यांच्यातील जे अंतर इतरत्र आपल्याला शोधून काढावे लागते, ते येथे रचनेच्या दर्शनी भागातच आहे. मात्र ‘बलुतं’मधील दुःख एखाद्या मृत्यूचे नाही, ते जातिव्यवस्थेने लादलेले आहे आणि ती व्यवस्था लेखनाच्या क्षणी संपलेली नव्हती. अशा लेखनाचे प्रयोजन केवळ स्वतःचा उपशम असू शकत नाही. ते वाचकाला अस्वस्थ करण्यासाठीही असते, आणि तसे ते ठरलेही. आठवणलेखनाला सरसकट ‘औषध’ म्हणणाऱ्यांनी हा भेद विसरू नये. ज्या जखमेचे कारण बाहेर अजून जागेवर आहे, ती जखम लेखकाच्या मनातच भरून निघावी अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल.

६

येथवर साहित्यकृतींचा विचार झाला. प्रयोगनिष्ठ मानसशास्त्राला या विषयात काय आढळले, ते थोडक्यात पाहू. अमेरिकेतील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी केलेला एक प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, दररोज १५ मिनिटे लिहावयास सांगितले होते. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले. उरलेल्यांनी आपल्या आयुष्यातील आघाताविषयी लिहिले. त्यांत तीन गट होते : केवळ भावना लिहिणारे, केवळ घटना लिहिणारे, आणि घटना व भावना दोन्ही लिहिणारे. दोन्ही लिहिणाऱ्यांना लेखनानंतर लगेच अधिक उदास वाटले. परंतु पुढील सहा महिन्यांत आरोग्यकेंद्राच्या त्यांच्या खेपा कमी झाल्या. केवळ भावना व्यक्त करणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही.

ओतून टाकण्याच्या कल्पनेला हा निष्कर्ष अनुकूल नाही, हे उघड आहे. पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे लेखनातील शब्दांची गणना केली. ज्यांना लाभ झाला त्यांच्या लेखनात दिवसागणिक कार्यकारण दाखविणारे आणि उमज दाखविणारे शब्द वाढत गेले होते. पहिल्या दिवशी विस्कळित असलेली हकीकत शेवटच्या दिवसापर्यंत गोष्टीचे रूप घेऊ लागली होती. लक्ष्मीबाईंनी वडिलांच्या सोवळ्याचे कारण सांगितले, त्याची येथे आठवण होते.

तथापि या संशोधनाचेही स्तोम माजविण्याचे कारण नाही. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित विचार केला. त्यांना परिणाम अनुकूल आढळला, पण सरासरीने तो लहान होता. चार दिवसांचे टिपण आणि चारशे पानांचा ग्रंथ यांची तुलना करण्यालाही मर्यादा आहेतच.

७

आता विरुद्ध बाजूचा पुरावा. व्हर्जिनिया वूल्फ यांची आई १८९५ मध्ये वारली तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. चाळिशी उलटेपर्यंत आईने आपल्या मनाचा कबजा सोडला नव्हता आणि ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) लिहून झाल्यावर तो सुटला, असे त्यांनी १९३९–४० मध्ये लिहिलेल्या आठवणींत नमूद केले आहे. मनोविश्लेषक रुग्णासाठी जे करतो ते आपण स्वतःसाठी केले असावे, असाही त्यांचा तर्क होता. लेखनाच्या उपशमशक्तीची याहून स्पष्ट साक्ष मिळणे कठीण. पण याच वूल्फ यांनी १९४१ मध्ये आपले जीवन संपविले. एका दुःखाचा निचरा झाला म्हणून मनाची सारी व्यथा संपली, असा अर्थ त्या साक्षीतून काढता येत नाही.

नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या दोन लेखकांची तुलना याहून बोधप्रद आहे. प्रीमो लेवी आउश्विट्झहून परतल्यावर जवळजवळ लगेच लिहू लागले. त्यांचा पहिला ग्रंथ १९४७ मध्ये निघाला. सांगण्याची निकड आपल्याला तिथे असतानाच जाणवत होती आणि आंतरिक मुक्ती हे या लेखनाचे पहिले प्रयोजन होते, असे त्यांनी प्रस्तावनेत म्हटले आहे. होर्हे सेम्प्रून यांची वाट उलट होती. बूखेनवाल्डमधून १९४५ मध्ये सुटल्यावर लिहू गेल्यास आपण पुन्हा मृत्यूतच ओढले जाऊ, असे त्यांना जाणवले आणि त्यांनी विस्मरण पत्करले. त्यांचे पहिले पुस्तक १९६३ मध्ये आले. या निवडीचा सविस्तर विचार त्यांनी १९९४ च्या ज्या ग्रंथात केला, त्याच्या शीर्षकाचा अर्थच ‘लेखन की जीवन’ असा आहे. एकाच प्रकारच्या नरकातून आलेल्या दोघांपैकी एकाला लिहिल्यामुळे जगता आले, दुसऱ्याला न लिहिल्यामुळे. तेव्हा ‘लिहा, म्हणजे बरे वाटेल’ हा उपदेश सर्वांना सारखा लागू पडत नाही. ज्याच्या ठिकाणी सांगणारा ‘मी’ अजून उभा राहिलेला नाही, त्याच्या हाती लेखणी देणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच जागी नेऊन सोडणे होय. हा ‘मी’ उभा राहावयास किती काळ लागतो, हे पंचांग पाहून सांगता येत नाही. अनीस किदवईंना दोन वर्षे पुरली, वूल्फ यांना तीस लागली.

मौनालाही या वाङ्मयात स्थान आहे. रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृती’त (१९१२) मृत्युशोकावर एक प्रकरण आहे. तारुण्यात ज्या मृत्यूने त्यांना मुळापासून हलविले त्याविषयी ते तेथे बोलतात. परंतु ती व्यक्ती कोण हे सांगत नाहीत. त्या मृत्यूनंतरचा अंधार आणि त्यातूनच हळूहळू जाणवलेले एक हलकेपण ते सांगतात. प्रसंग झाकलेलाच राहतो. सर्व सांगितल्याखेरीज मन मोकळे होत नाही, या समजुतीला हे प्रकरण छेद देते. शिवाय आठवणींत दुसऱ्यांचीही आयुष्ये गुंतलेली असतात. मृताला आपली बाजू मांडता येत नाही आणि जिवंत आप्तांनी संमती दिलेली असतेच असे नाही. लेखकाला उपशम मिळावा म्हणून दुसऱ्याची जखम उघडी करण्याचा अधिकार त्याला किती, हा प्रश्न आठवणी लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःला विचारला पाहिजे.

८

या विवेचनातून अध्यापनापुरते काही मुद्दे निघतात. शोकातून आलेला आठवणग्रंथ शिकविताना ‘लेखिकेला किती दुःख झाले’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. दुःखाची मापे घेता येत नाहीत. त्याऐवजी विद्यार्थ्यांना असे प्रश्न देता येतील : मृत्यूचे स्थान ग्रंथात आरंभी आहे, मध्ये आहे, की शेवटी? कोणासाठी सांगितले जात आहे? कारणे कोठे शोधली आहेत आणि कोठे सोडून दिली आहेत? गमावलेली व्यक्ती माणूस राहिली आहे, की मूर्ती झाली आहे? काय झाकले आहे? एकाच वर्गात मराठी, उर्दू आणि बंगाली ग्रंथ शेजारी ठेवून हे प्रश्न विचारले, तर प्रत्येक भाषेतील शोकाची रीत वेगळी असूनही सांगणाऱ्यापुढील अडचण एकच आहे हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते. आणि वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याचे स्वतःचे दुःख ताजे असेल, तर त्याच्याकडून आत्मपर लेखनाची सक्ती करू नये, हेही याच विवेचनातून निष्पन्न होते. त्याला वाचू द्यावे. दुसऱ्याने लावलेला क्रम पाहता पाहता कधी कधी आपला क्रम सुचू लागतो.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी वर्गात देता आले नव्हते. आज एवढे म्हणता येईल. लक्ष्मीबाईंचे दुःख ओसरले होते असे ‘स्मृतिचित्रां’तून दिसत नाही, धर्मांतराची पाने आजही वाचवत नाहीत इतकी ती ताजी आहेत. चाळीस वर्षांत बदलले ते एवढेच, की त्या दुःखाकडे पाहणारी दुसरी एक बाई त्यांच्या ठिकाणी तयार झाली होती. मुलाने आठवणी मागितल्या तेव्हा ती बोलू लागली. पहिली बाई रडत होती तेव्हा तिच्याजवळ बसावयास कोणी नव्हते. ग्रंथ लिहिताना ही दुसरी तिच्याजवळ जाऊन बसली आहे, असे ती पाने वाचताना वाटते.